मागचे शॉकअप

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

एकोणीस थापा. मागच्या गुरुवारी चौदा होत्या.

गावापासून उमरीपर्यंतच अकरा, पुढे नांदेडपर्यंत आठ. चालवता चालवता मी मोजते — दुसरं करणार काय? एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ही भाषा आदर्शनेच शिकवली. तेव्हा तो चालवायचा आणि मी शेजारी बसून क्लीनरचा रुबाब करायचे. आता स्टिअरिंगवर मी, आणि तो मागे हौद्यात गादीवर आडवा. कंबरेत कळ उठली की केबिनच्या पत्र्यावर एक थाप. मी थांबते. कळ उतरली की दोन.

सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं — हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर आहे, हाडं भुसभुशीत झाली आहेत. सोळा गुरुवार इंजेक्शन घ्यायचं आणि धक्का लागू द्यायचा नाही. धक्का लागू द्यायचा नाही! साहेबांनी आमच्या गावचा रस्ता पाहिलेला दिसत नाही. कारमध्ये त्याला बसवत नाही. पहिल्या खेपेला भाड्याची ॲम्ब्युलन्स आणली तर ती ओढ्यात पोट टेकून बसली, बैल लावून काढावी लागली. मग राहिली आमची पिकअप. तीन वर्षांपूर्वी त्यानं ती हौसेनं उचलून, म्हणजे उंच करून घेतलेली — मागच्या कमानपाट्यांना लोखंडी ठोकळे देऊन, पुढेही तसंच काहीतरी करून. गावात सगळ्यात उंच गाडी. ओढा आरामात पार करते, पण उड्या मारते. मालाला चालायचं ते. माल ओरडत नाही.

(वहीत मी नवऱ्याला नावानं आणि एकेरी लिहिते. तोंडावर अहो-जाहोच. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, वाचता येत नाही म्हणून निभावतंय!)

आज सातवा गुरुवार होता. नऊ राहिले.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी गाडीखाली सरपटत गेले. मागच्या दोन्ही शॉकअपवर तेलाचा चिकटा, त्यावर धूळ बसून काळी पुटं. फोटो काढून आदर्शला दाखवला. त्यानं फोन डोळ्यापाशी धरला, मोठा करून बघितला. म्हणाला, "मेले हे. दोन्ही मेले." आणि मग पाऊण तास बोलत राहिला! शॉकअपचं काम काय, पाट्याचं काय, कोणत्या गाडीला कोणतं बसतं. किती दिवसांनी त्याच्या तोंडून रिपोर्ट, गोळी, कळ ह्यांच्याशिवाय दुसरं काही ऐकलं. मला निम्मंच कळलं. पण मी मान हलवत राहिले.

रिकामी पिकअप जास्त उडते, भरलेली कमी, हे त्याचंच डोकं. म्हणून दर गुरुवारी गादीखाली सोयाबीनची दहा पोती अंथरतो आम्ही. पोती नांदेडला जातात, दवाखान्याच्या दारात उभी राहतात आणि तशीच परत येतात. काल तिथला वॉचमन म्हणाला, "ताई, मोंढ्याचा बाजार तिकडं राहिला. इथं कोण घेतंय सोयाबीन?" आत्या मागं आदर्शची कंबर धरून बसल्या होत्या, त्या तिथूनच ओरडल्या, "घ्यायला न्हाई आनलं, हवा खायला आनलंय त्याला!" आदर्शला हसू आलं आणि हसल्यानं कळ आली.


सोमवार, १० नोव्हेंबर

अंगणवाडी नागुबाईंवर सोपवून नायगावला गेले. नागुबाई माझ्या मदतनीस, वयानं माझ्याहून मोठ्या, सगळं सांभाळतात. गाडी ज्यानं उचलली त्या मारोती मिस्त्रीकडेच गेले. त्यानं खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "वैनी, शॉकअपचं कशाला घेऊन बसता? गाडीच खाली करून टाकू की. ठोकळे काढतो, पहिल्यासारखी होती."

मी आदर्शला फोन लावून दिला. पलीकडून जो आवाज आला तो मला फोन न धरताही ऐकू आला — "मारोती, ठोकळ्याला हात लावला तर बघ!"

मारोती हसला आणि लगेच हसायचा थांबला. दोघांची जुनी दोस्ती आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला बाबासाहेबांची तसबीर ह्याच गाडीवर असते, गल्लीच्या टोकावरून दिसली पाहिजे म्हणून दोघांनी मिळून ठोकळ्यांची उंची ठरवली होती. मारोतीनं एक शॉकअप सोडवला आणि माझ्या हातात दिला. दाबला तर आत गेला, ओढला तर बाहेर आला, कसला विरोधच नाही. "बघा. जीव न्हाई राहिला ह्यात." असं बोलू नये माणसानं माझ्यासमोर. त्याच्या लक्षात आलं, बिचारा दुसरीकडे बघायला लागला.

"लांबी मोजून सांगा," म्हणाला, "तेवढ्याच लांबीचे नवे मागवतो." शॉकअप गोणपाटात गुंडाळून घरी आणला.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

टेप सापडेना. मग अंगणवाडीत नेला. दोन वर्षांखालच्या लेकरांना आडवं झोपवून उंची मोजायची पाटी आहे ना, तिच्यावर ठेवला. डोकं इकडे टेकवलं, पाय तिकडे. पूर्ण ताणून छप्पन्न सेंटिमीटर. नागुबाई म्हणाल्या, "ताई, लांबी बरी हाय, पर अंगानं लईच वाळलंय लेकरू. कुपोषणाच्या लाल रेघेत टाका त्याला." दोघी इतक्या हसलो की झोपलेली पोरं उठली.

आदर्श गोळी घेऊन झोपला होता, उठवलं नाही. मारोतीला फोन करून सांगितलं — छप्पन्न. आणि चांगले कडक मागवा, दणकट, पुन्हा बघायला नको. माझी मीच ठरवून टाकलं. मोजायचं काम माझं रोजचं आहे, त्यात कोणाला काय विचारायचं?


बुधवार, १२ नोव्हेंबर

नवे बसले. लाल रंगाचे. गाडीखाली काळ्या पुटात एकदम उठून दिसतात. उद्या बघू!


गुरुवार, १३ नोव्हेंबर

एकतीस.

ओढ्याच्या अलीकडेच सात झाल्या. खड्डा आला की मागून खाडकन आवाज, जणू कोणी चेसिसला साखळी बांधून ओढतंय, आणि लगेच थाप. उमरीच्या फाटकाजवळ थाप पडली आणि दुसऱ्या दोन पडेचनात. दहा मिनिटं झाली. मी उतरून मागे गेले. आत्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचा खालचा ओठ दातांत होता आणि त्यातून रक्त आलं होतं.

मला बघून म्हणाला, "नवे हायत अजून. बसतील हळूहळू."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मग दोन थापा आल्या.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी त्यानं विचारलं, "माप कसं घेतलं व्हतंस?"

सांगितलं. पाटीवर, आडवं ठेवून.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं आता ओरडणार. "म्हंजे तू शॉकअपची उंची मोजलीस," म्हणाला, "लेकरासारखी." आणि हसायला लागला, कंबर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग समजावलं. शॉकअप मोजायचाच नव्हता, गाडी मोजायची होती. गाडी उचलली तेव्हाच वरच्या आणि खालच्या बोल्टातलं अंतर वाढलं. मारोतीनं आणि त्यानं तेव्हा जुनेच आखूड शॉकअप ताणून बसवले, तीन वर्षं ते ताणलेलेच राहिले. माल भरलेला असायचा, गाडी दबलेली असायची, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पुन्हा तेच आखूड आणले, आणि वर कडक. "हात बघ," त्यानं स्वतःचा हात कोपरातून सरळ ताणून दाखवला. "असा हात ताणून कोनी पोतं झेललं तर काय व्हईल? खांदा निखळंल. कोपर वाकलेला पायजे. शॉकअपचा कोपर वाकलेला पायजे."

एवढा बारीक झालाय दंड. ह्याच दंडानं तो दोन-दोन पोती उचलायचा.

माझीच चूक. एकतीस थापा माझ्यामुळे. तो हसला, पण मी नाही हसू शकत.


रविवार, १६ नोव्हेंबर

आज गाडी मोजली. आदर्शची खाट खिडकीपाशी सरकवली, म्हणजे त्याला मागचं चाक दिसेल. मी टेप घेऊन खाली, तो वरून हुकूम सोडतोय — "बोल्टाच्या मधोमध धर! वाकडा धरून राहिलीस, सरळ धर!" आधी रिकामी गाडी मोजली, पंचावन्न. म्हणजे छप्पन्नच्या शॉकअपला फक्त एक सेंटिमीटर मोकळा! मग पोती टाकली, गादी टाकली, आत्या चढून बसल्या. आता आदर्शच्या वजनाचं काय? तो म्हणाला, "लिंबाखालचा दगड टाक की एक, म्या काय लई भरत न्हाई आता." मी दगड नाही टाकला. मी स्वतः गादीवर जाऊन आडवी झाले, आणि शेजारच्या जगदेवीकाकूंना मोजायला लावलं.

बावन्न.

आडवी पडले होते तेव्हा केबिनचा पत्रा बघितला. त्याचा हात जिथे पोहोचतो तिथे रंग उडून गेलाय, तळहाताएवढा. मी पुढे बसून फक्त आवाज ऐकत होते.

म्हणजे आता असा शॉकअप पाहिजे, जो बावन्नवर असताना मध्यात असेल — वर जायला जागा, खाली यायला जागा. पूर्ण ताणून चौसष्ट, दाबून चाळीस, असा त्याचा हिशेब. आणि कडक नको. मऊ.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

मारोतीनं लाल शॉकअप काढून जुनेच परत लावून दिले. मेलेले बरे! त्यानं उमरी, नायगाव, देगलूर, सगळीकडे फोन केले. एवढा लांब कोणाकडेच नाही.


गुरुवार, २० नोव्हेंबर

तेवीस.

इंजेक्शन चालू असताना आत्यांना त्याच्याजवळ बसवलं आणि पार्टच्या दुकानांच्या गल्लीत फिरले. पाच दुकानं. एक म्हणतो हा घ्या, एकदम हेवी. दुसरा म्हणतो, मालवाहू गाडीला मऊ शॉकअप कोणी मागितला नाही आजपर्यंत. तिसऱ्यानं माझ्याशी बोलायचंच टाळलं — "मालकाला पाठवा." पाठवते हं! उचलून आणते!

परत आले तर आदर्श म्हणाला, डॉक्टर येऊन गेले. काय म्हणाले? "बरं चाललंय म्हनले."


शनिवार, २२ नोव्हेंबर

आज नको होतं तेच झालं.

भाकरी चुरून भरवत होते. तो म्हणाला, "मारोतीला सांग, ठोकळे काढ म्हणून. गाडी खाली कर."

मी म्हटलं, ओढ्याचं काय? म्हणाला, पाणी उतरलंय, निघंल कशीबशी. मी म्हटलं, तुम्हीच तर मारोतीवर ओरडला होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तेव्हा वाटत व्हतं, म्या परत चालवीन. आता कुठं म्या चालवनार हाय ती? तुझे हाल बघवत न्हाईत. माप घे, दुकानं फिर... खाली कर आन मोकळी हो."

मी ताट तिथेच ठेवून उठले. बाहेर येऊन गाडीच्या चाकाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

खरं काय ते लिहिते, इथे कोण बघतंय. गाडी खाली केली तर कदाचित त्याला खरंच आराम पडेल. मग मी का अडून बसले? मला गाडीच्या उंचीचं काय! पण ज्या दिवशी ठोकळे निघतील त्या दिवशी तो मान्य करेल की आपण आता उठत नाही. आणि त्यानं एकदा मान्य केलं की मला पण करावं लागेल. मला नाही करायचं. मला चौदा एप्रिलला तो त्या स्टिअरिंगवर पाहिजे, बारीक झालेला, वाळलेला, कसाही.

आत्या येऊन शेजारी बसल्या. माझा अंगठा बघितला आणि आत जाऊन हळद-तेल गरम करून आणलं.

रात्री त्याला सांगितलं, गाडी खाली होणार नाही. म्हणाला, "हेकट हायस." म्हटलं, हाव. आहे.


सोमवार, २४ नोव्हेंबर

लातूर! मारोतीनं पत्ता दिला होता — मन्मथअप्पा, मोठ्या आणि उंच केलेल्या गाड्यांचे शॉकअप तेच ठेवतात. एसटीनं गेले. फोनवर मागवायचं नाही, हातात घेऊन बघ, असं आदर्शनं बजावलं होतं. अहमदपूरपर्यंत उभी.

साठीचे गृहस्थ. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, हात मात्र ग्रीसनं काळे. मी वहीतलं माप वाचून दाखवलं — ताणून चौसष्ट, दाबून चाळीस, गाडी भरून उभी असताना बावन्न. ते खूश झाले. "गाडी भरून माप घेतलं? इतकं नीट माप तर ड्रायव्हर लोक बी आनत न्हाईत. बाई, गाडीत माल काय भरता?"

"माणूस."

त्यांनी चष्मा काढला. "मानूस म्हंजे?"

"गाडीचा मालक. झोपवून नेते नांदेडला. दर गुरुवारी."

आत हाक मारून चहा सांगितला आणि मला खुर्ची दिली. दोन शॉकअप काउंटरवर ठेवले. दोन्ही बरोबर मापाचे. एक गॅसचा, एक तेलाचा. "हा दाबा." गॅसचा मी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकूनसुद्धा नीट दाबला गेला नाही. "ह्यो जोरात पळनाऱ्या गाडीला. तुमी पळवता का?" म्हटलं, मी बैलगाडीच्या मागे राहते. "मग ह्यो न्हाई." तेलाचा दाबला तर हळूहळू खाली गेला, सोडला तर हळूहळू वर आला, घाई नाही, आदळणं नाही. मी तो चार-पाच वेळा दाबून बघितला. मला तो सोडवेना.

"शॉकअप वजन उचलत न्हाई बाई," अप्पा म्हणाले. "वजन पाटे उचलतात. ह्याचं काम येवढंच, उडालेलं शांत करायचं."

पण तेलाचा एकच नग होता, नमुन्याचा. जोड यायला सहा दिवस. गॅसचे दोन्ही आजच तयार. म्हणजे गॅसचे घेतले तर येत्या गुरुवारी लांबी तरी बरोबर, मऊ पाहिजे असतील तर आणखी एक गुरुवार मेलेल्या शॉकअपवर. दुकानाबाहेर उभी राहून आदर्शला फोन केला. तो म्हणाला, "तुझ्या हाताला कोनता बरा वाटला?" तेलाचा. "मग थांबू की. एका गुरुवारानं काय व्हतंय?"

निघताना अप्पांनी विचारलं, किती गुरुवार राहिले? सात. ते म्हणाले, "माल आला की सवता फोन करीन."


गुरुवार, २७ नोव्हेंबर

अठ्ठावीस. ह्या अठ्ठावीस मीच निवडल्या. गॅसचे घेतले असते तर वीस झाल्या असत्या, पंधरा झाल्या असत्या, कोणास ठाऊक.

येताना त्यानं पाण्याला पण नको म्हटलं.


शनिवार, २९ नोव्हेंबर

मन्मथअप्पांचा फोन! आले! सहा म्हणाले आणि पाचव्या दिवशी आले! सोमवारी जाते. नागुबाईंना सांगून ठेवलं. आत्यांनी गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले, जणू घरात पाहुणा येणार आहे. मी आदर्शसमोर उभी राहून शॉकअप कसा दबतो आणि कसा वर येतो ते गुडघ्यात वाकून करून दाखवलं. तो म्हणाला, "ग्रीस लावा हिला, लई आवाज करून राहिली."

इतक्या दिवसांनी चिडवलं मला!


रविवार, ३० नोव्हेंबर

पोषण आहाराची वही पूर्ण केली, उद्याची साडी इस्त्री केली. आदर्श आज गप्प होता. विचारलं, दुखतंय का? म्हणाला, न्हाई, आज उलट कमी हाय. बरंच आहे की.


सोमवार, १ डिसेंबर

पहाटेच मला हाका मारून उठवलं. "जा, एसटी चुकंल. माझी फिकीर करू नको, आत्ताच माय उठलीय." दारातून वळून बघितलं तर हात हलवत होता, लहान पोरासारखा.

अप्पांनी शॉकअप खोक्यातून काढून दोन्ही सोबत दाबून दाखवले, एकसारखे हवेत म्हणून. सोबत नवे रबरी बुश दिले, आणि बसवल्यावर तपासायचं कसं ते सांगितलं: गाडीचा कोपरा जोरात दाबायचा आणि सोडायचा. एकदा वर यावा आणि गप्प राहावा. दोनदा हलला तर समजायचं चुकलं.

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर. एका बाईनं विचारलं, मिक्सर घेतला का? म्हटलं, हो.


मंगळवार, २ डिसेंबर

बसले. मारोतीनं बसवले आणि कोपरा मला दाबायला लावला. दाबला, सोडला. एकदा वर आला. गप्प. मारोती म्हणाला, "वैनी, तीन वर्सामागं हेच बसवायला पायजे व्हते. आमी दोघं बी उंची बघत राहिलो." त्याचे डोळे भरून आले होते. मजुरी घेतली नाही.

येताना मुद्दाम खड्ड्यांतून आणली. ओढ्यातून आणली. काय सांगू! गाडी खड्ड्यात उतरते आणि वर येते, बस. मी एकटीच मोठ्यानं बोलत होते.

संध्याकाळी त्याचे पाय चेपले, तासभर सगळं सांगत. मारोती काय म्हणाला, कोपरा कसा गप्प राहिला. विचारलं, जोरात चेपू का? म्हणाला, "न्हाई, बरं वाटून राहिलं असंच."


बुधवार, ३ डिसेंबर

उद्या!


गुरुवार, ४ डिसेंबर

एकही नाही.

एकही नाही! गावातून निघाले तेव्हा पाठीचा कणा ताठ करून बसले होते, थापेची वाट बघत. ओढा गेला. काही नाही. उमरीपर्यंतचा तो चाळण झालेला तुकडा गेला, काही नाही. फाटकाजवळ मीच न राहवून थांबले, उतरून मागे पळत गेले, की हा बेशुद्ध तर नाही? जागा होता. आभाळाकडे बघत होता. "का थांबलीस?" म्हणाला. "चल की." धक्के? "न्हाई लागले. काहीच न्हाई लागलं."

आत्यांनी दोन्ही हात जोडले, मला, सुनेला! मी म्हटलं, मला नको, लातूरच्या अप्पांना जोडा. मग अप्पांनाही फोन केला, तिथल्या तिथे, रस्त्याच्या कडेला उभी राहून. ते नुसतं "बरं झालं बाई, बरं झालं" म्हणत राहिले.

नांदेडपर्यंत मी गाणी म्हटली. मला गाता येत नाही. एकोणीस, एकतीस, तेवीस, अठ्ठावीस, आणि आज काही नाही. मी केलं हे. चुकले, पुन्हा मोजलं, वणवण केली, पण केलं. चौदा एप्रिलला सव्वाचार महिने आहेत.

आज दवाखान्यातच राहायला सांगितलंय, डॉक्टर पाठीचा फोटो काढणार आहेत म्हणे. एका रात्रीचा प्रश्न आहे. गाडी आवारात उभी आहे, पोत्यांसकट.


शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळी डॉक्टरांनी त्याच्या तळपायाला टाचणी टोचली. मग पिंढरीला. मग मांडीला. तो छताकडे बघत होता. बेंबीच्या खाली त्याला काहीच कळत नाही. मणका आतल्या शिरेवर दबला आहे. कधीपासून, त्यांनी विचारलं.

"रविवारपासून."

पाय बधिर झाले तर त्याच दिवशी या, उशीर केला तर पाय जातील, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. वीस तारखेला, मी पार्टच्या गल्लीत शॉकअप शोधत फिरत होते तेव्हा. आता पाय परत येतील असं सांगता येत नाही म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर विचारलं, मला का नाही सांगितलं?

म्हणाला, "सांगितलं असतं तर तू लातूरला गेली नसतीस. लई दिवसांनी हसून राहिली व्हतीस."